बयाबाईची हाक

तुमच्या फोनवर सासूबाईंचा कॉल आला की काय वाजतं?

खरं सांगा. लाजू नका, अख्ख्या महाराष्ट्राच्या फोनवर तेच वाजतं. आधी जिभेचे टाळूवर दोन टोले, टक् टक्. मग लांब ओढलेलं ‘हिर्रर्रऽऽ’. आणि मग गुळाच्या पाकात बुडवून काढल्यासारखं, ‘ये गं माज्या लेकी, ये’. त्याच्या पाठीमागं, लांब कुठंतरी, एक कुत्रं दोनदा भुंकतं. तुम्ही हसता, बायको डोळे वटारते, पाहुणे म्हणतात, आम्हाला पण पाठवा हो. मालिका बघत नसाल तरी ही हाक तुम्हाला पाठ आहे. ‘धाकटी पाती’ मालिकेतली आत्याबाई ती हाक मारते आणि मग कुठल्या तरी गरीब सुनेचं वाटोळं होतं.

ती हाक कुणाची, हे मात्र कुणी विचारलं नाही. बाजारात कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा आपण विचारतो, कुठली हो, ताजी आहे का. हाक फुकटात आली, घेतली.

ती हाक तुमच्यापर्यंत आणली किशोरनं. मुळशी तालुक्यातल्या माले गावचा कुशाबाचा थोरला पोरगा. बारावीत इंग्रजीनं उडवला तेव्हा बाप म्हणाला, ‘‘भात लाव.’’ याला भात लावायचा नव्हता. कासार आंबोलीला एक मोठा बंगला मालिकांच्या शूटिंगला भाड्यानं जायचा, तिथं हा चहा वाटायला लागला. तिथंच एके दिवशी त्याचं नशीब फिरलं. शहरातली एक नटी नऊवारी नेसून गावाकडची आई झाली होती आणि पोराला म्हणत होती, ‘‘बाळा, मला तुझी फार काळजी वाटते रे.’’ हातात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या किशोरला हसू फुटलं.

दिग्दर्शक जनार्दन सर तापले. ‘‘काय रे, दात काढायला काय झालं?’’

‘‘सर, आमच्याकडं आई असं न्हाई बोलत.’’

‘‘मग कसं बोलते?’’

‘‘काळजी हा शब्दच काढत न्हाई तोंडातनं. म्हणती, भाकरी झाकून ठिवलीया, खायाची तर खा, न्हाईतर कुत्र्याला घालते.’’

सेटवर हशा झाला. सरांनी नटीला तेच वाक्य म्हणायला लावलं आणि कॅमेऱ्यामागच्या लाईटवाल्यानं डोळे पुसले. त्या दिवसापासून ट्रे सुटला. आधी नुसते संवाद तपासायचे, मग लिहायचे, मग पटकथा. पुढं तर चॅनलला एका पानात नवीन मालिका सांगायची, पास झाली तर तिची माणसं, घरं, भांडणं उभी करायची, इथवर गडी पोचला. मुंबईत भाड्याचं घर, गळ्यात ओळखपत्र. गावात आला की पोरं गाडीभोवती जमायची.

त्याचं भांडवल काय होतं, तर मुळशीची माणसं. दुसरे लेखक वही बाळगतात, किशोर फोन बाळगायचा. पौडच्या बाजारात, एसटीत, गिरणीवर, मयताला, कुठंही. फोन हळूच चालू करून खिशात सरकवायचा आणि बायका कशा भांडतात, म्हातारे कसे कुथतात, सगळं साठवायचा. हे चुकीचं आहे असं त्याला कधी वाटलं नाही. बोलणं तर हवेत जातं, त्यातलं मूठभर मी धरलं तर कुणाचं काय गेलं?

त्या साठ्यात सगळ्यात जास्त आवाज होता बयाबाईचा.

बयाबाई मालेच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी राहते. शेळ्यामेंढ्यांच्या घरातली बाई. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही, वीस-बावीस शेरडं हाच संसार. किशोर सात वर्षांचा असताना त्याची आई सहा महिने दवाखान्यात होती, धाकटा राजू मामाकडं आणि बाप दिवसभर शेतात. तेव्हा हे पोर बयाबाईनं सांभाळलं. संध्याकाळी ती दगडावर उभी राहायची आणि हाक मारायची, ‘हिर्रर्रऽऽ ये गं माज्या लेकी, ये’. डोंगरातनं शेरडं धावत यायची आणि त्यांच्यात किशोरही. बया त्याला वेगळी हाक मारत नव्हती. म्हणायची, ‘‘तू बी माजी लेकच.’’ दूध शेळीचं, भाकरी नाचणीची, आणि निजायला तिचं घोंगडं.

त्या वाडीत एक रीत होती. नवी सून आली की उंबऱ्यावर माप ओलांडायच्या आधी बयाबाईनं तिला ही हाक मारायची. विधवा बाईला लग्नकार्यात मागं सारणारी माणसं सगळीकडं असतात, वाडीतही होती. पण इथं त्यांचं चालत नव्हतं, कारण म्हातारे म्हणायचे, जिच्या हाकेला जनावर चुकत न्हाई, तिच्या हाकेला सून चुकत न्हाई. तीस-पस्तीस सुना तिच्या हाकेवर आत आल्या होत्या. भर लग्नात बयाला मान मिळण्याची ती एवढीच एक जागा.

आता मुंबईतली चॅनलची काचेची खोली. ‘धाकटी पाती’ गडगडली होती. कुठली मालिका किती लोक बघतात त्याचे आकडे गुरुवारी येतात आणि लागोपाठ चार गुरुवार सेटवर सुतक होतं. चॅनलच्या गौतमी मॅडम म्हणाल्या, ‘‘किशोर, तुझी आत्याबाई नुसती ओरडते. ओरडण्याला आता घरातलं मांजरसुद्धा घाबरत नाही. ती गोड बोलली की भीती वाटली पाहिजे. दे काहीतरी. नाहीतर सहा आठवड्यांत टाळं.’’

टाळं म्हणजे सेटवरची शे-सव्वाशे माणसं घरी. किशोर खिडकीबाहेर बघत बसला. आणि मग, आपण काय करतोय हे कळायच्या आत, त्याच्या जिभेनं टाळूवर दोन टोले दिले आणि बयाबाईची हाक त्या खोलीत घुमली.

गौतमी मॅडमनी बाही वर केली. ‘‘काटा आला बघ. कुठली रे ही हाक? तुला सुचली?’’

आमच्या बयामावशीची हाय, असं म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं. तीन शब्दांचं वाक्य. पण त्या खोलीत त्याच्याबद्दल सात वर्षं ‘अरे, तो लोकल रंग किशोरकडून टाकून घ्या’ असं म्हणत आले होते, जणू हा भिंती रंगवणारा गडी. आज पहिल्यांदा सगळ्यांच्या डोळ्यांत तो लेखक होता.

‘‘हो,’’ किशोर म्हणाला, ‘‘सकाळीच सुचली.’’

एकदा तोंडातनं गेलेली थाप निस्तरायला आणखी दहा लागतात. आत्याबाई करणाऱ्या नटीला ते ‘हिर्रर्र’ जमेना. चांगली नटी, पण जीभ शहरातली. वीस वेळा झालं, कॅमेरेवाले जांभया द्यायला लागले. शेवटी किशोरनं साऊंडवाल्याला आपल्या फोनमधली बयाबाईची हाक काढून दिली. नटीनं नुसते ओठ हलवायचे.

‘‘कोण ही? जबरदस्त आहे,’’ साऊंडवाला म्हणाला.

‘‘गावाकडची एक. नाटकात काम करते.’’

‘‘मागं कुत्रं भुंकतंय. काढू?’’

‘‘राहू दे,’’ गौतमी मॅडम म्हणाल्या, ‘‘कुत्र्यामुळं जास्त भीती वाटते.’’

पुढच्या गुरुवारी सेटवर पेढे. त्याच्या पुढच्या गुरुवारी मालिका पहिल्या तिनात. महिन्याभरात ती हाक रिंगटोन झाली, रील झाली. मारुंजीच्या टपरीवर पोरं येणाऱ्याजाणाऱ्या पोरींवर ती हाक मारायला लागली. प्रेमानं जनावर गोळा करणारी हाक आपण छेड काढायला वापरली. आपलं डोकं असंच चालतं, त्याला शाळा लागत नाही.

वैशाखात राजूचं लग्न निघालं. नवरी मारुंजीची, शुभांगी. वरात दारात आली. किशोर सहीवाल्या पोरांच्या आणि सेल्फीवाल्या मावश्यांच्या गराड्यात उभा. बयाबाई धुवट लुगडं नेसून उंबऱ्याशी आली, पदर सारखा केला, घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

आणि तेवढ्यात मांडवात कुणाचा तरी फोन वाजला. टक् टक्. हिर्रर्रऽऽ. ये गं माज्या लेकी, ये.

बयाबाई उघड्या तोंडानं तशीच राहिली. इकडंतिकडं बघत म्हणाली, ‘‘माज्या आधी कोन बोललं?’’

मांडव फुटला हसून. ‘‘आत्याबाई आली, आत्याबाई!’’ पोरांनी फोन वर केले. बयाच्या घरी टीव्ही नाही, तिला कळेना लोक कशाला हसतायत. तिनं आपलं काम म्हणून पुन्हा हाक मारली, या वेळी तोंडानं. आवाज तोच, टिपेला टिप. शुभांगी एक पाऊल मागं सरली. मालिकेत त्या हाकेवर आत गेलेल्या दोन सुना पोचवल्या होत्या, एक विहिरीत आणि एक वेड्यांच्या दवाखान्यात. त्या दोघींची पटकथा किशोरचीच.

नवरीची आत्या, गंगूबाई, पुढं आली. ‘‘ओ व्याही, ह्या हाकंवर आमची पोर घरात न्हाई जायची. अपशकून नको.’’

‘‘आवो, रीत हाय आमची,’’ कुशाबा पुटपुटला. पण व्याह्यांपुढं बापाची रीत किती टिकणार? ‘‘बये, तू जरा बाजूला हो. आजच्या दिस.’’

बया बाजूला झाली. कुशाबानं विषय बदलायला छाती पुढं काढली, ‘‘टीव्हीत ते आमच्या किशोरनंच लिवलंय बरं का!’’ टाळ्या पडल्या. आणि किशोर, देवाशपथ, त्या टाळ्यांना हात जोडून हसला.

परसात पत्रावळ्यांच्या ढिगाजवळ तिनं त्याला गाठलं. ‘‘किशोर, तू शिकल्याला हायेस. त्या यंतरात माजा आवाज कसा काय गेला रं?’’

‘‘तुझ्यासारखा हाय मावशे. तुझा न्हाई. एक नटी हाय, ती काढती.’’

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो पत्रावळ्यांकडं बघत होता.

‘‘आसंल बाबा,’’ म्हणाली आणि न जेवता डोंगर चढून गेली.

मुंबईला गेल्यावर किशोर लिहायला बसे आणि आत्याबाईच्या तोंडी शब्द सुचेना. त्यानं आत्याबाईची हाक बंद करायचा प्रसंग लिहून बघितला, चॅनलनं तासाभरात परत पाठवला. ‘‘सोन्याची कोंबडी कापतोस काय?’’ मग आपल्याच मनाला त्यानं संवाद लिहून दिले. एवढं काय झालंय? चार लोक हसले. लोक विसरतात. संवाद लिहिण्यात तो हुशार होताच.

श्रावणातल्या एका रविवारी बापाचा फोन आला. नमस्कार नाही, कसा हायेस नाही.

‘‘तुज्या आत्याबाईनं बयीची दोन शेरडं मारली.’’

रविवारी मालेवरनं ताम्हिणी घाटाकडं गाड्यांची रांग असते, ते काही सांगायला नको. कणसाच्या गाडीशी कुणीतरी मोटार थांबवली. त्याचा फोन वाजला, मोठ्यानं वाजला, गाडीच्या स्पीकरवर वाजला. वरच्या माळावर बयाची शेरडं चरत होती. त्यांनी मान वर केली. हाक मालकिणीची, आवाज मालकिणीचा, मागं भुंकणारं कुत्रंसुद्धा घरचं. शेरडांना मालिका थोडीच कळते! ती उधळत खाली आली, थेट डांबरी रस्त्यावर. समोरनं टेम्पो. चांदी नावाची गाभण शेळी आणि तिची गेल्या वर्षीची लेक जागच्या जागी गेल्या. बया वरनं ओरडत होती, ‘‘मागं फिरा, मागं फिरा!’’ पण तिच्या आवाजात तिचाच आवाज मिसळला होता, शेरडांनी कुठला ऐकायचा?

फोन कुणाचा होता ते कळलं नाही. गाडी निघून गेली. कुणाचाही असेल.

दुसऱ्या दिवशी किशोर गौतमी मॅडमसमोर उभा राहिला आणि सगळं ओकला. त्यांनी आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘हे तू मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतंस. आवाज दुसऱ्याचा, परवानगी नाही. उद्या कुणी विचारलं तर मालिका बंद पडेल. जा, त्या बाईंचा अंगठा आण.’’ आणि एक छापील कागद दिला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या धंद्यात पापाला कागदाचं औषध असतं, एवढंच.

आणि किशोरलाही, खोटं कशाला बोला, कागद हातात आल्यावर हलकं वाटलं. शाईचा पॅड घेऊन तो मालेला गेला.

चढणीवर पोचला तर वरनं पत्र्याचा आवाज. बयाबाई रिकामा तेलाचा डबा काठीनं बडवत होती. शेरडं बिचकून चौवाटा पांगत होती. ती पुन्हा बडवत होती. तोंडातनं एक शब्द नाही.

‘‘ये. बस,’’ ती म्हणाली. ‘‘कोरा च्या हाय. दुधाची गेली.’’

‘‘मावशे, त्या फोनातला आवाज तुझाच हाय. मीच नेला. इचारल्याबिगर नेला, आन् वर माजा म्हणून सांगितला.’’

‘‘म्हाईत हाय.’’

‘‘कवापासनं?’’

‘‘लग्नातच. आरं, मागं भुकतंय ते आपलं पिंट्या हाय की. गेल्या साली बिबट्यानं न्हेलं. मेल्यालं कुत्रं तुज्या नटीकडं कुटनं आलं?’’ तिनं चहा पुढं सरकवला. ‘‘माजा राग आवाजाचा न्हाई. आवाज काय, वारा बी न्हेतो. पर तू पत्रावळ्यांकडं बघून बोललास. हितं घोंगड्यात मुतायचास तवा बी डोळ्यांत बघून सांगायचास.’’

किशोरनं मान खाली घातली. कागद पिशवीतनं अर्धा बाहेर आला होता.

‘‘ते काय हाय?’’

‘‘तुझी परवानगी. अंगठा लागतोय.’’

‘‘तुला कामाला लागतोय नव्हं? मग आण की शाई.’’ तिनं हात पुढं केला, जसा भाकरी द्यायला करायची. ‘‘वाच तरी काय लिवलंय.’’

तो वाचायला लागला. सदर आवाज वापरण्याचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, विश्वभर, कायमस्वरूपी.

‘‘विश्वभर म्हंजे?’’

‘‘सगळीकडं.’’

‘‘माल्याच्या माळावर बी?’’

किशोरनं कागद गुडघ्यावर ठेवला.

‘‘न्हाई, म्हंजे हाक तुमची झाली तर झाली,’’ बया म्हणाली. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. ‘‘शेरडांस्नी आता ती मारायची सोयच न्हाई. ऐकली की रस्त्याकडं पळत्यात. म्हनून तर डबा शिकवतीया. माजा आवाज इसरल्याबिगर ती जगायची न्हाईत. पर एक सांग, तुमच्यात शिकल्याल्या लोकांत, चाळीस वरसं एक आवाज ऐकवला आन् मग तो इसरा म्हणून सांगायचं, ते कसं सांगत्यात?’’

तिचा अंगठा तसाच पुढं होता. किशोरनं पॅड उघडला नाही. कागद घडी करून खिशात घातला आणि चहा प्यायला. चहा गार झाला होता.

अंगठ्याशिवाय परत आल्यावर मालिकेतली हाक बंद झाली आणि किशोरचं तिथलं कामही. तो शहीद झाला असं कुणी समजू नका. आत्याबाईला चॅनलनं दुसरी लकब दिली, ती आता पानाला चुना लावताना बोटं चाटते, आणि आकडे तसूभर हलले नाहीत. म्हणजे ती हाक नसती तरी चाललं असतं. हे त्याला सगळ्यात जास्त खुपतं.

त्यानं व्हिडिओ करून माफी मागितली. लोकांनी त्या माफीच्या मागं तीच हाक लावून नवं रील केलं, ते मूळ हाकेपेक्षा जास्त चाललं.

आता तो एका छोट्या निर्मात्याकडं दुसऱ्यांचे संवाद तपासतो. रविवारी मालेच्या वळणावर फळी घेऊन उभा राहतो, ‘कृपया फोनचा आवाज बंद करा, वर शेरडं चरतात’. गाडीवाले विचारतात, पुढं दवाखाना हाय का? काही जण फळी वाचून मुद्दाम काच खाली करतात आणि फोनवरची हाक वाजवतात. मग तो धावत वर जातो, शेरडांच्या आडवा. वरनं डब्याचा आवाज येत असतो. शेरडांना डबा अजून नीट कळलेला नाही, हाक अजून नीट विसरलेली नाही. शुभांगी एकदा वर जाऊन म्हणाली, ‘‘बयाआजी, मला हाक मारून घ्या ना घरात, राहिलंय.’’ तर बया म्हणाली, ‘‘आत्ता नको बाय. तुज्या आधी शेरडं पळतील.’’

म्हणून एक मागणं आहे, आणि ते किशोरच्या वतीनं नाही, त्याचं तो बघेल. फोन काढा. आत्ता, हे वाचता वाचता. सासूबाईंच्या नावापुढची ती हाक पुसून टाका. ज्यांना पाठवली असेल त्यांनाही पुसायला सांगा. आणि तेवढंही होत नसेल, तर पौड सोडल्यावर फोनचा आवाज बंद करा आणि मालेचं वळण गुपचूप ओलांडा. माळावर एक बाई दगडावर उभी आहे. तिला तिची हाक परत मारू द्या.